ताऱ्याला मायक्रोमीटर लावणारा डोंगर

शुक्रवार

पासाडिनात मुलीच्या घराच्या मागच्या अंगणातून एक डोंगर दिसतो. माथ्यावर टीव्ही-रेडिओचे टॉवर दाटीवाटीने उभे आहेत. पहिल्याच सकाळी चहा घेताना ही म्हणाली, "अहो, हा तर सिंहगडच. तसाच टॉवर." मी म्हटलं, सिंहगड नव्हे, उंची कळसूबाईपेक्षाही शंभरेक मीटर जास्त आहे, १,७४२ मीटर. नाव माउंट विल्सन. आणि मला या वारीत अमेरिकेतलं दुसरं काही नाही दाखवलंत तरी चालेल, पण तिथे न्या.

जावईबापूंना याचं नवल वाटलं. त्यांनी आमच्यासाठी डिस्नेलँडचं बघून ठेवलं होतं.

कारण सांगायचं तर माझी नोकरी सांगावी लागेल. भोसरीच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं इन्स्पेक्शनला होतो. त्यातली शेवटची बारा स्टँडर्ड रूममध्ये गेली. बाहेर मे महिन्याचं ऊन असो नाहीतर श्रावणाची झड, आत कायम २० अंश. तिथे स्लिप गेजची, म्हणजे मापं ताडून बघायच्या पोलादी ठोकळ्यांची, पृष्ठं सपाट आहेत का हे बघायला आम्ही त्यांच्यावर ऑप्टिकल फ्लॅट ठेवायचो. जाड काचेची चकती, बाकी काही नाही. वर सोडियमचा पिवळा दिवा लावला की काच आणि पोलाद यांच्यामधल्या केसाहून कितीतरी बारीक फटीत काळे-पिवळे पट्टे उमटतात. पट्टे सरळ असतील तर गेज सपाट. वाकले तर गेज गेलं. एका पट्ट्यापासून पुढच्या पट्ट्यापर्यंत साधारण ०.३ मायक्रॉनचा फरक, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्याने, कुठल्याही स्क्रीनशिवाय. नवीन पोरांना हे दाखवताना मला दर वेळी जादूगार असल्यासारखं वाटायचं.

हेच पट्टे वापरून भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसनच्या पद्धतीने एका ताऱ्याचा व्यास मोजला गेला, आणि तो या अंगणातून दिसणाऱ्या डोंगरावर, हे मी निवृत्तीनंतर वाचलं. आज तिथे सहा दुर्बिणी मिळून तेच काम करतात. असं असताना डिस्नेलँड!

शनिवार

सकाळी आठला निघालो. हिला घाट लागतो म्हणून पर्समध्ये आवळासुपारी, डब्यात मेथीचे ठेपले, आणि पुढची सीट हिला. ला कन्याडा गावातून एंजेलिस क्रेस्ट हायवे चढायला लागतो आणि शहर दहा मिनिटांत नाहीसं होतं. घाट आपल्या वरंध्याची आठवण करून देणारा, फक्त हिरवा नाही. कोरडे, राखाडी कडे आणि मधूनच जळालेल्या झाडांचे काळे सांगाडे. २००९ च्या आणि मग सप्टेंबर २०२० च्या वणव्यांत इथली वेधशाळा थोडक्यात वाचली. रेड बॉक्स नावाच्या फाट्यावर उजवीकडे वळायचं, पुढे अरुंद रस्ता. हिने डोळे मिटून घेतले होते. नातू मागून दर वळणाला "आजी, दरी बघ" म्हणत होता. त्याला मी एक चापट दिली.

वर पाइनची सावली आणि अजिबात न हलणारी हवा. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. पुढे ज्यांनी आम्हाला हिंडवलं ते स्वयंसेवक वाटाडे म्हणाले, खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल १९०४ साली इथे वेधशाळा उभारायला आले ते याच हवेसाठी. पॅसिफिकवरून येणारी गार हवा खाली खोऱ्यात बसून राहते, तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण, आणि डोंगराचा माथा झाकणाच्या वर. त्यामुळे तारे कमी लुकलुकतात. खालच्या लॉस एंजेलिसच्या दिव्यांनी आकाश पार धुऊन टाकलंय, अंधुक दीर्घिका बघायला ही जागा आता निकामीच. पण ठळक ताऱ्यांना दिव्यांचा त्रास नाही. त्यांना हवी असते ती फक्त स्थिर हवा.

१०० इंची हूकर दुर्बिणीच्या घुमटात काचेच्या आडून बघता येतं. तिच्याबद्दल सगळे बोलतात, एडविन हबलने इथेच १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेतला तो तारा पकडला, ज्यावरून ती आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे कळलं वगैरे, तेव्हा मी थोडक्यात आटपतो. मला भावल्या दोन गोष्टी. एक, तिच्या आरशाची काच फ्रान्समधून आली, दारूच्या बाटल्या करतात तीच हिरवट काच, तीन खेपांत ओतलेली आणि आत बुडबुडे राहिलेली. आमच्याकडे असा माल आला असता तर मी लाल शेरा मारून परत पाठवला असता. हेलही आधी नाहीच म्हणत होते. शेवटी तीच काच पासाडिनात वर्षानुवर्षं घासली आणि १९१७ च्या नोव्हेंबरात तिने आकाश पाहिलं. दुसरी गोष्ट मिल्टन ह्युमेसनची. बांधकामाचं सामान वर आणणाऱ्या खेचरांचा हाक्या, मग वेधशाळेत झाडूवाला, मग रात्रीचा मदतनीस, आणि शेवटी हबलच्या बरोबरीने शोध लावणारा खगोलशास्त्रज्ञ. शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली. नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग मी शाळा सोडू?" मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहीत नाही.

मी ज्यासाठी आलो होतो ती वस्तू प्रदर्शनाच्या दालनात आहे. वीस फुटी पोलादी तुळई. पुलाच्या कैचीसारखी, रिबिटं मारलेली, दिसायला गिरणीतल्या भंगारात शोभावी अशी. ती हूकर दुर्बिणीच्या तोंडावर आडवी बसवली होती. तिच्यावर चार आरसे. बाहेरचे दोन रुळांवर सरकणारे, ते ताऱ्याचा प्रकाश घेऊन आतल्या दोन आरशांकडे टाकणार, आणि ते खाली मोठ्या आरशाकडे. म्हणजे १०० इंची दुर्बीण इथे केवळ वजन पेलायला आणि दोन किरण एकत्र आणायला. ताऱ्याकडे बघणारे खरे डोळे हे बाहेरचे दोन लहान आरसे.

पद्धत अशी. दोन आरशांकडून आलेला एकाच ताऱ्याचा प्रकाश एकमेकांवर पडला की पट्टे उमटतात, आमच्या ऑप्टिकल फ्लॅटखाली उमटायचे तसेच. पण तारा बिंदू नाही, थाळी आहे. थाळीच्या डाव्या काठाचा प्रकाश आपले पट्टे काढतो, उजव्या काठाचा आपले, जरासे सरकलेले. आरसे जवळ असतील तर हे सरकणं नगण्य. आरसे जसजसे लांब न्याल तसतसं ते वाढतं, पट्ट्यांचा उठाव कमी होतो, आणि एका अंतरावर एकाचे काळे पट्टे दुसऱ्याच्या उजळ पट्ट्यांत बसून सगळं सपाट होतं. पट्टे पुसले गेले ते अंतर मोजायचं. त्यावरून थाळीची रुंदी निघते. म्हणजे इथे दिसणं हे मापच नाही, दिसेनासं होणं हे माप.

१३ डिसेंबर १९२० च्या रात्री फ्रान्सिस पीझ आणि जॉन अँडरसन यांनी तुळई आर्द्रेवर रोखली. आपली आर्द्रा, मृगाच्या खांद्यावरची तांबूस काक्षी, इंग्रजीत बेटेलग्यूज. आरसे सरकवत सरकवत १२१ इंचांवर आले आणि पट्टे गेले. पट्टे खरंच ताऱ्यामुळे गेलेत की यंत्रच बिघडलंय, हे तपासायला त्यांनी दुसऱ्या ताऱ्यांवर बघितलं, तिथे पट्टे होते. मला हे फार पटलं. पार्ट रिजेक्ट करण्याआधी गेज मास्टरवर लावून बघतात, तसंच हे. उत्तर निघालं ०.०४७ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). सूर्य सोडून दुसऱ्या कुठल्या ताऱ्याचं हे पहिलं थेट माप. आर्द्रेचं अंतर तेव्हा जेवढं मानत त्यावरून व्यास निघाला सूर्याच्या सुमारे ३०० पट. आज अंतर त्याहून जास्त धरतात, त्यामुळे व्यासही वाढून सातशे पटींच्या पुढे गेलाय. पण कोन जवळपास तोच. फूटपट्टी बरोबर होती, अंतर चुकीचं होतं.

मी तुळईच्या रिबिटांवर वाकून बघत होतो तेव्हा ही म्हणाली, "अहो, हात लावू नका." मी लावणार नव्हतो. म्हणजे, बहुतेक नव्हतो.

दुपारी पाइनखाली ठेपले खाल्ले आणि मग बाकीचा डोंगर पायी बघितला. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीची चारा नावाची यंत्रणा डोंगरभर पसरली आहे. सहा पांढरे घुमट, प्रत्येकात एक मीटरचा आरसा, इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दोन-दोन. दक्षिण, पूर्व, पश्चिम, त्यावरून नावं एस १, एस २, ई १ अशी. सर्वांत लांबची जोडी ३३१ मीटरवर. मायकेलसनच्या तुळईच्या पन्नास पटींहून जास्त! सहा दुर्बिणींच्या एकाच वेळी पंधरा जोड्या होतात, म्हणून नुसता व्यासच नाही, आकाराचं चित्रही जुळवता येतं. बारीकपणा अर्ध्या मिलिआर्कसेकंदाच्याही खाली, आणि मिलिआर्कसेकंद म्हणजे आर्कसेकंदाचा हजारावा भाग. हिशोब करून बघितला. पुणे इथून सुमारे १४,००० किलोमीटर. पृथ्वी मधे आली नसती तर पुण्यातल्या हलवायाच्या ताटातला एक पेढा इथून ओळखता आला असता. नातवाला पेढा लगेच समजला.

घुमटांपासून पाइनच्या बुंध्यांमधून, खांबांवर टेकवलेले नळ निघतात आणि एका लांबट इमारतीत शिरतात. मी आधी पाण्याची लाइन समजलो. आत हवा नाही, निर्वात. ताऱ्याचा प्रकाश या नळांतून धावतो, कारण वाटेतल्या हवेने त्याला डोलवलं तर पट्टे विस्कटतील. अट अशी की एकाच क्षणी ताऱ्यापासून निघालेला प्रकाश कुठल्याही दुर्बिणीत शिरला तरी संगमापर्यंतची वाट सारखीच लांब भरली पाहिजे. आणि सारखी म्हणजे सूत दोन सूत चालणार नाही, मायक्रॉनच्या आत. त्यात पृथ्वी फिरतेय, तारा सरकतोय, त्यामुळे एका दुर्बिणीला प्रकाश आधी मिळतो, दुसरीला नंतर, आणि हा फरक दर सेकंदाला बदलतो. म्हणून लांबट इमारतीत ४६ मीटरचे रूळ आहेत, त्यांवर आरसे लावलेल्या गाड्या रात्रभर सरकत वाट लांब-आखूड करत राहतात, आणि लेझर त्यांची जागा मोजत राहतो. रूळ पुरत नाहीत तेव्हा निर्वात नळ्यांचे ठरावीक लांबीचे टप्पे मधे घालतात. एका रांगेत लहान-मोठ्या लांबीच्या, ग्रीक देव पॅनच्या बासरीसारख्या. नावही तेच ठेवलंय, पाइप्स ऑफ पॅन. इंजिनीअर लोकांना नाव ठेवायला रसिकता लागते, ती इथे दिसली.

आत जाता येत नाही. मी विचारून बघितलंच. वाटाडे म्हणाले, ती इमारत म्हणजे इमारतीच्या आत इमारत आहे, आतलं तापमान हलू नये म्हणून. माणूस शिरला की त्याची ऊब शिरते. मी हसलो. भोसरीत आमच्या साहेबांनी मला पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. १०० मिलिमीटरचं स्लिप गेज उघड्या हाताने धरून एक अंशाने तापलं तर मायक्रॉनभर वाढतं, म्हणून हातात कातडं घे, आणि दारात उभा राहून गप्पा मारू नकोस. बंद दारासमोर मी थोडा वेळ उभा राहिलो. आतून पंख्याची घरघर येत होती, आणखी काही नाही.

रविवार

घाटाचा शीण. ही दुपारपर्यंत झोपली.

संध्याकाळी नातवाने विचारलं, "पण आजोबा, पट्टे म्हणजे नक्की कसले?" मग चहाच्या पुड्यातली चांदी घेतली, ब्लेडने अगदी शेजारी-शेजारी दोन चिरा पाडल्या, मधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी. पहिल्या तीन वेळा चांदी फाटली. चौथ्यांदा जमलं. दिवे घालवून जावईबापूंच्या प्रेझेंटेशनच्या लेझरचा लाल ठिपका चिरांवर धरला. समोरच्या भिंतीवर ठिपक्याऐवजी लाल-काळ्या रेघांची माळ. नातू एक चीर बोटाने झाकायला गेला, दोन्ही झाकल्या, मग कागदाच्या कडेने एकच झाकली. रेघा गेल्या, नुसता लाल फराटा उरला. त्याने कागद काढला, रेघा आल्या. पुन्हा झाकला. असं वीसेकदा. स्वयंपाकघरातून मुलगी म्हणाली, "बाबा, दिवे लावू का आता?" आम्ही दोघांनी एकदमच नाही म्हटलं.

सोमवार, रात्र

६० इंची दुर्बिणीतून रात्री बघायची तिकिटं जावयाने मुद्दाम काढली. १९०८ ची दुर्बीण, अजून ठणठणीत. यावेळी घाटात ही काही बोलली नाही, आवळासुपारी तोंडात.

दुर्बीणवाल्याने आधी अभिजित दाखवला. शिडी चढून डोळा लावला. निळसर पांढरा, डोळे दिपवणारा, थरथरणारा ठिपका. ठिपकाच. दीड मीटरचा आरसा, शंभरावर वर्षांचा अनुभव, आणि ठिपका. मी खाली उतरून दुर्बीणवाल्याला म्हटलं की त्या बाजूच्या घुमटांतून हाच तारा कसा दिसतो ते मला माहीत आहे. ते हसले, म्हणाले, "तिथे दिसत काहीच नाही, आकडे येतात."

पण काय आकडे! अभिजित स्वतःभोवती इतक्या जोरात फिरतो की विषुववृत्तावर फुगलाय, पण तो नेमका आपल्याकडे ध्रुव करून उभा असल्यामुळे आपल्याला गोल दिसतो. भोवऱ्याला वरून बघावं तसा. हे चाराच्या मापांतून २००६ मध्ये निघालं. त्याच्या आदल्या वर्षी मघाचा तारा मोजला. तो सुमारे १६ तासांत एक फेरी मारतो आणि कमरेशी ध्रुवांपेक्षा ३२ टक्के जास्त रुंद आहे. सोळा तास! आपल्या सूर्याला महिन्याच्या आसपास लागतो. २००७ मध्ये श्रवणाचं चित्रच काढलं, सूर्यासारख्या हायड्रोजन जाळणाऱ्या दुसऱ्या कुठल्या ताऱ्याच्या पृष्ठभागाचं पहिलं चित्र. बटाट्यासारखा दबलेला, ध्रुवाकडे उजळ, कमरेला मंद. आणि अलीकडे, २०२४ मध्ये, आपला अढळ ध्रुव. सूर्याच्या ४६ पट मोठा, आणि अंगावर डाग. उजळही, काळेही. ध्रुवबाळाची गोष्ट सांगताना आता हेही सांगायला हवं, असं मी हिला म्हटलं. ही म्हणाली, "डागाचं नका सांगू."

श्रवण नैर्ऋत्येला होता. त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघताना त्याचं दबलेलं अंग डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. डोळ्याला ठिपकाच कळतो.

मग वलय-तेजोमेघ, गोलाकार तारकागुच्छ, एक निळी-सोनेरी जोडी, लोकांचे "वॉव". ते चांगलंच होतं, पण माझं लक्ष बाहेर. रांगेत माझा नंबर पुन्हा येईपर्यंत मी घुमटाबाहेर जाऊन उभा राहिलो. अंधारात डोळे सरावल्यावर झाडांपलीकडे चाराचा एक घुमट ओळखू आला. फट उघडी. कुठेही दिवा नाही, माणूस नाही. दुर्बीण चालवणारे कदाचित अटलांटात, तीन हजार किलोमीटरवर, पडद्यासमोर बसले असतील, तशी सोय आहे. तेवढ्यात घुमट फिरला. आधी मोटारीचा खरखराट, मग चाकांचा एक लांब कण्हण्यासारखा आवाज, जड गेट सरकवल्यासारखा, मग थांबला. थोड्या वेळाने झाडांच्या पार पलीकडून तसाच आवाज, दुसरा घुमट. मग आणखी लांब तिसरा. तारा बदलला होता. सगळे एकापाठोपाठ त्याच्याकडे वळत होते. नळ माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होता. मी त्याला हात लावला नाही.

बाराच्या सुमाराला निघालो. गाडीपाशी आलो तेव्हा पूर्वेला मृग वर आला होता, आडवा, झोपलेला. बाण, चार खूर, आणि डाव्या अंगाला तांबूस आर्द्रा. हिने विचारलं, "हीच ना ती, तुळईवाली?"

"हीच."

"किती मोठी म्हणालात?"

"सूर्याच्या जागी ठेवली तर आपण तिच्या पोटात."

"नको बाई," म्हणाली, आणि पुढच्या सीटवर बसून पर्समध्ये सुपारी शोधू लागली. सापडेना. नातवाने मागून दोन्ही मुठी पुढे केल्या, एकीत सुपारीची डबी, दुसरीत चांदीचा तो फाटका तुकडा. लेझर त्याने खिशातून आणलाच होता. "आजोबा, हे गाडीत चालेल का?"

जावईबापूंनी गाडी सुरू केली. मी मागे जाऊन बसलो.